सोळातले आठ राखीव

मास्तर पंखा कधी पाचवर लावत नसत. मे महिना असो, ठाकूरद्वारच्या त्यांच्या दोन खोल्यांत वाऱ्याचा पत्ता नसो, रेग्युलेटर तीनच्या पुढे गेलेला दिसला की ते लेंगा सावरत उठत आणि तो मागे फिरवून येत. ‘पाच नंबर अडचणीला,’ असं म्हणत. पंख्याला अशी कसली अडचण येणार, आणि आली तर पाच नंबर तिचं काय करणार, असं मी एकदा विचारलं होतं. त्यावर त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे नुसतं पाहिलं. मी निमूटपणे, घामाघूम, पुढचा अलंकार वाजवायला घेतला.

मी त्यांच्याकडे ऑर्गन शिकायला जात असे. ऑर्गन म्हणजे संगीत नाटकातली पायपेटी. पायांनी भाता मारायचा आणि दोन्ही हातांनी वाजवायचं. चाळिशी उलटल्यावर माणसांना गुडघे आठवतात, मला ऑर्गन आठवला. फोर्टातलं ऑफिस सुटलं की भायखळ्याला घरी जाण्याऐवजी मी आठवड्यातून दोनदा गिरगावात उतरायची, जिना चढून वर यायची आणि मास्तरांची बोलणी खायची. बोलणी खाण्याचं कारण एकच. मी मुळात भडक डोक्याची आणि उधळ्या हाताची बाई. आनंद झाला की पूर्ण, राग आला की पूर्ण, आणि ऑर्गनपुढे बसवलं की पहिल्याच ओळीत सगळा भाता रिकामा.

‘अगं, किती ओतशील?’ मास्तर कळवळायचे. ‘साथ करणाऱ्याने हातचं राखून वाजवायचं असतं. गाणाऱ्याचा श्वास तुटला, घसा बसला, शब्द विसरला, तर त्या क्षणी त्याच्याखाली घालायला तुझ्याकडे काहीतरी शिल्लक पाहिजे. तू आधीच सगळं देऊन बसलीस तर तो पडणार कुठे?’

हे त्यांचं म्हणणं मला मनापासून पटायचं. पंचाईत अशी होती की मास्तरांनी साथीचा हा नियम घरातल्या प्रत्येक वस्तूला लावला होता. नवी छत्री खुंटीला, जुनी हातात. जुनीची काडी मोडली तरी नवी खुंटीलाच. पाण्याचं एक पिंप वापरायचं, दुसरं भरून झाकून ठेवायचं, आणि दर आठवड्याला ते ओतून पुन्हा भरायचं, म्हणजे तेही पाणी शेवटी वापरायचं नाहीच. विमा कचेरीतल्या नोकरीत त्यांनी रजा इतकी राखली की निवृत्त झाले तेव्हा त्यातली बरीचशी बुडाली. त्याचं त्यांना वाईट वाटलं नाही. ‘होती ना, लागली असती तर?’ एवढंच म्हणाले.

कौतुकाचंही तसंच. मास्तरांच्या तोंडून जास्तीत जास्त निघणारा शब्द म्हणजे ‘बरं’. तो मला दोन वर्षांनी मिळाला. त्या दिवशी मी घरी जाताना टॅक्सी केली होती.

मास्तरांनी लग्न केलं नाही. घरात ते आणि त्यांची मोठी बहीण, अक्का. अक्का लग्नानंतर थोड्याच वर्षांत विधवा होऊन माहेरी परतल्या आणि मग गिरगावातल्या हौशी मंडळातून नाट्यपदं गाऊ लागल्या. मास्तर साथीला. अशी त्यांची जोडी अर्धशतक चालली होती. स्वभावाने अक्का पक्क्या उलट्या. आंब्याची पेटी आली की पहिला तयार आंबा त्याच क्षणी कापायच्या, आणि मास्तर ‘अगं, उद्याला’ म्हणेपर्यंत कोय चोखून मोकळ्या व्हायच्या. ऐंशी ओलांडली होती, तरी आवाज खणखणीत होता. फक्त त्यांना साथीला दुसरी कोणतीही पेटी चालत नसे. हार्मोनिअम लावून पाहिली, तर एका ओळीत थांबल्या. मंडळाने कुठून तरी एक इलेक्ट्रॉनिक कीबोर्ड आणला, तर म्हणाल्या, ‘हे काय, लग्नाच्या बँडमधून पळून आलंय?’ त्यांना लहानपणापासून कानात बसलेला घरचा ऑर्गनच हवा.

आणि तो ऑर्गन मरत होता.

समुद्राची हवा पितळेला सोडत नाही. आतले पितळी सूर एकेक करून फाटायला लागले. भात्याचं कातडं उंदरांनी कुरतडलं. दादरला एक म्हातारे कारागीर होते, ते येऊन दुरुस्त करून जायचे. ते गेल्यावर त्यांच्या मुलाने दुकानात मोबाइलची कव्हरं लावली. तेव्हा मास्तरांनी जे ठरवलं ते ऐकून मला वाटलं, ह्यांचं डोकं फिरलंय. ऑर्गन बोलतोय तोवर त्याची एकेक पट्टी दाबून आवाज मुद्रित करायचा, सगळे आवाज कम्प्युटरमध्ये घालायचे, आणि पुढे एक साधा, स्वतःचा आवाज नसलेला कीबोर्ड त्या कम्प्युटरला जोडून त्यावर वाजवायचं. बोटं कीबोर्डवर, आवाज मात्र आपल्या ऑर्गनचा. हे त्यांनी कुठल्याशा व्हिडिओत पाहिलं होतं. परदेशातली माणसं चर्चचे ऑर्गन असे जपतात म्हणे.

‘त्यांनी चर्चचा केला, आपण आपला करू,’ मास्तर म्हणाले.

मग त्या कामाला जे दिवस लागले त्यांची आठवण आली की मला अजून हसू येतं. वाडी दुपारी झोपते तेवढाच वेळ हाती. मी सुट्टी टाकून भाता मारायला बसायची, मास्तर पट्टी दाबायचे, आणि कोणी हलायचं नाही. एका पट्टीला कावळा, एकीला भंगारवाला, एकीला शेजारच्या कुकरची शिट्टी. शिट्टी झाली की पुन्हा पहिल्यापासून. शेवटी मास्तर मजल्यावरच्या प्रत्येक घरी हात जोडून सांगून आले, ‘दोन ते चार भाताला सुट्टी द्या.’ लोकांनी दिली. अक्कांवर सगळ्यांचा जीव होता. ऑर्गनच्या खुंट्या ओढल्या की आवाजाचा रंग बदलतो, म्हणून प्रत्येक खुंटी ओढून प्रत्येक पट्टीचे वेगवेगळे आवाज घेतले. भाता मारायच्या पायट्याची करकरसुद्धा मास्तरांनी घेतली. ‘ती नसेल तर अक्काला चैन पडणार नाही,’ म्हणाले. सगळं घेऊन झालं आणि पुढच्याच पंधरवड्यात ऑर्गनचा भाता फाटला, तो कायमचा.

कम्प्युटर लॅमिंग्टन रोडवरून जुळवून आणला होता. ह्या कामाला मेमरी भरपूर लागते, असं माझ्या ऑफिसातल्या कम्प्युटरवाल्या पोराने सांगितलं होतं. बोटांनी पट्टी दाबल्यावर आवाज तत्क्षणी यायला हवा, म्हणून सगळे आवाज आधीच मेमरीत भरून तयार ठेवावे लागतात. म्हणून सोळा जीबी घेतले. मास्तरांनी कम्प्युटरला अक्कांच्या जुन्या शालीचं आवरण शिवलं आणि मग चष्मा पुसून त्यातलं प्रत्येक सेटिंग उघडून वाचून काढलं. कुकरची माहितीपत्रिका मुखपृष्ठापासून मलपृष्ठापर्यंत वाचणारा माणूस तो. मी म्हटलं, वाचू दे, तेवढाच विरंगुळा.

मंडळाचा वार्षिक कार्यक्रम तोंडावर आला. अक्कांनी आधीच सांगून टाकलं होतं, ‘आपली पेटी असेल तर गाईन. नसेल तर खाली बसून सगळ्यांना नावं ठेवीन.’ आणि मग मला एकटीला स्वयंपाकघरात गाठून, कोथिंबीर निवडता निवडता म्हणाल्या, ‘हे बघ, ह्या वर्षी आवाज आहे. पुढच्या वर्षाचं मला कोणी सांगितलेलं नाही. एकदा त्याच्यासोबत नीट गाऊन घेऊ दे गं मला.’ मी हो म्हटलं. माझ्या हो ला तिथे काय किंमत होती, पण म्हटलं.

अखेर रविवारच्या कार्यक्रमाला आठ दिवस उरले असताना, शनिवारी, सगळे आवाज कम्प्युटरमध्ये चढवले, स्पीकर जोडले, मास्तरांनी कीबोर्डवर बोटं ठेवली. साथीला बाबी होता. बाबी म्हणजे मंडळाचा तबलजी, लालबागचा, गिरणी बंद पडल्यावर कुरिअरमध्ये शिरून तिथूनही निवृत्त झालेला. त्याच्या बोलण्यातलं मालवणी मात्र कधी निवृत्त झालं नाही. मास्तरांनी खालचा षड्ज दाबला आणि खोलीत आमचा ऑर्गन बोलला. तोच, तसाच, किंचित धुळकट. माझ्या अंगावर काटा आला. मास्तर वर वर जात राहिले. मध्य सप्तक आलं, पंचम आला, आणि त्यापुढे काहीच नाही. पट्टी दाबली जातेय, आवाज नाही. पडद्यावर एक चौकट उघडली होती. मेमरी अपुरी, उरलेले आवाज भरता येत नाहीत.

‘मास्तरांनु, ह्या काय ता?’ बाबी म्हणाला. ‘अर्धो ऑर्गन बोलता, अर्धो मुको बसलो हा!’

अक्का दारात उभ्या होत्या. त्या आत गेल्या आणि नळ सोडून भांडी घासायला बसल्या, जी सकाळीच घासून झाली होती.

मी कम्प्युटरची माहिती उघडून पाहिली. बसवलेली मेमरी सोळा जीबी, त्यातली वापरण्याजोगी आठ. आठ कुठे गेले? माझं डोकं सटकलं. त्याच पावली मी टॅक्सी करून मशीन लॅमिंग्टन रोडला घेऊन गेले आणि दुकानदाराच्या काउंटरवर आदळायचं तेवढं बाकी ठेवलं. तो बिचारा सज्जन होता. ‘मॅडम, टेन्शन नका घेऊ, बघतो ना,’ म्हणत त्याने मेमरीच्या दोन्ही पट्ट्या काढल्या, त्यांचे सोनेरी दात खोडरबराने घासले, जागा बदलून बसवल्या. आठच. दुसऱ्या नव्या पट्ट्या लावून पाहिल्या. तरी आठच. मग तो स्वतःच चक्रावला. मशीन सुरू होताना काळ्या पडद्यावर सोळा दिसत होते. ‘म्हणजे माल ओके आहे मॅडम. मशीन सोळा मोजतंय. विंडोजच घेत नाहीये.’

मशीन मास्तरांकडे परत आणलं आणि ऑफिसातल्या पोराला फोन लावला. त्याने काय काय उघडायला लावलं आणि मी उघडलं. शेवटी तो म्हणाला, ‘एक सेटिंग असतं, त्यात मेमरीवर मर्यादा घालता येते. तसं कोणी केलं नसेल ना?’

‘कोण करेल?’ मी म्हटलं, आणि आम्ही दोघंही हसलो.

मग तो म्हणाला, सगळं पुसून विंडोज नव्याने टाका. हे ऐकताच मास्तरांनी दोन्ही हात मशीनवर ठेवले. आवाज त्याच्यात होते, आणि ज्या ऑर्गनमधून ते घेतले तो आता बोलणार नव्हता. पुसापुशी म्हटल्यावर त्यांच्या चेहऱ्यावर जी भीती आली ती पाहून मी पुन्हा तो विषय काढला नाही. तशी बाकीच्या गडबडीत ते विलक्षण शांत होते. बाबी चिडलेला, मी चिडलेली, आणि हे आपले म्हणतायत, ‘एवढं काय? वेळ आली की येईल.’ मला वाटलं, देवावर हवाला ठेवलाय. मनात म्हटलं, वेळ रविवारी येतेय मास्तर, आणि तुमचा देव विंडोज चालवत नाही.

शुक्रवारी मी शिकायला गेले ते शिकण्यासाठी नव्हे, घरी बसवेना म्हणून. मास्तरांनी मात्र नेहमीसारखं कीबोर्डपुढे बसवलं. खालची अर्धी बाजू बोलत होती, तेवढ्यात वाजव म्हणाले. मी वाजवलं म्हणजे राग काढला. एका ओळीत सगळं बडवून मोकळी झाले.

‘झालं?’ मास्तर म्हणाले. ‘पहिल्या ओळीतच सगळं ओतलंस. आता दुसरीला काय देशील? दोन वर्षं सांगतोय. जरा ह्या मशीनकडून शीक.’

‘मशीनकडून काय शिकू? ते अर्धं मुकं आहे.’

‘मुकं नाही, शिस्तीचं आहे. त्याला मी पहिल्या दिवशीच शिकवलं. सोळा आहेत, पण आठातच भागवायचं. आठ हातचे.’

माझे हात कीबोर्डवर तसेच राहिले. बाबी तबल्याला पावडर लावत होता, तोही थांबला.

‘शिकवलं म्हणजे? कुठे शिकवलंत?’

‘सेटिंगात. एक चौकट होती, जास्तीत जास्त मेमरी किती वापरायची म्हणून. तिथे टिक केली आणि निम्मी लिहिली. इतकी सोय करून ठेवलीय बघ त्यांनी, पण लोक वाचत नाहीत.’ हे सांगताना मास्तरांच्या चेहऱ्यावर समाधान होतं. ‘अडचण आली की उरलेली घेईल आपोआप.’

मी हसले की ओरडले, आता आठवत नाही. बाबी मात्र ओरडला हे पक्कं आठवतं. ‘आवशीचो घो! मास्तरांनु, तुम्हीच?’

‘मास्तर,’ मी शक्य तितक्या हळू म्हटलं, ‘ते घेणार नाही. तुम्ही त्याला घेऊ नको म्हणून सांगितलंय.’

‘मी नको कुठे म्हटलं? जपून म्हटलं.’

‘त्याला जपून कळत नाही. आपल्याकडे आणखी आठ आहेत, हेच त्याला माहीत नाही.’

मास्तर खुर्चीत बसले. एवढे मोठे गृहस्थ, पण त्या क्षणी चेहरा अगदी उतरला. मला त्यांची दया आली आणि खरं सांगायचं तर त्यांच्यावर प्रेमही फार आलं. जगात कोणत्या माणसाने यंत्राला साथीचा धर्म शिकवला असेल? शिकवला तो शिकवला, आणि ते संकटाला धावून येईल ह्यावर विश्वासही ठेवला. मी सेटिंग उघडलं. होती चौकट, होती टिक, होता निम्मा आकडा. मी टिक काढायला गेले तेवढ्यात त्यांनी माझा हात धरला.

‘थांब. सगळे नको. बारा कर. चार तरी राहू देत.’

‘बाराने वरचा टोकाचा भाग येणार नाही, मास्तर.’

‘मग चौदा कर. अगं, मशीन आहे, काही झालं, कुठे अडलं, तर त्याच्याकडे काही नको? सगळं काढून दिल्यावर माणसाने कुठे बघायचं?’

ते आता मशीनबद्दल बोलत नव्हते, हे मला कळलं.

अक्का केव्हा आल्या ते आम्हाला समजलं नव्हतं. हाताला थालिपिठाचं पीठ तसंच होतं. त्या सरळ मास्तरांपुढे येऊन उभ्या राहिल्या.

‘काय रे, कधीची अडचण यायची आहे तुझी?’

‘अक्का, तू आत जा.’

‘नाही जात. रजा राखलीस, छत्री राखलीस, ते पिंप राखतोयस. पन्नास वर्षं माझ्यामागे बसून वाजवलंस, एकदा म्हणून तोंड भरून छान म्हणाला नाहीस. तेसुद्धा राखलंस. मी कधी बोलले नाही. पण आता बोलते. मी म्हातारी झाले. परवा गायचंय. पुढच्या वर्षी मी असेन, आवाज असेल, कोणी बघितलंय? ही आली तुझी अडचण. तुझ्यासमोर उभी आहे, पिठाचे हात घेऊन. काढ काय काढायचं ते बाहेर.’

खाली वाडीत कोणीतरी स्कूटर सुरू करत होतं, ती सुरू होत नव्हती. मास्तरांनी माझा हात सोडला. मला वाटलं, आता मलाच कर म्हणतील. पण त्यांनी चष्मा काढला, सदऱ्याच्या टोकाने पुसला, पुन्हा लावला, माउस स्वतःच्या हातात घेतला आणि टिक काढली. मशीनने विचारलं, पुन्हा सुरू करू? मास्तरांनी अक्कांकडे पाहिलं आणि हो दाबलं.

पडदा काळा झाला, मग निळा झाला, मग वर आला. मी माहिती उघडली. बसवलेली मेमरी सोळा जीबी. वापरण्याजोगी पंधरा पूर्णांक नऊ दशांश.

‘बघ,’ मास्तर म्हणाले, आणि त्यांच्या डोळ्यांत पाणी असूनही चेहरा उजळला, ‘एवढंसं त्याने राखलंच.’

आवाज भरायला लागले. पडद्यावरची हिरवी पट्टी मध्यावर आली, जिथे ती रोज अडायची, आणि पुढे सरकली. बाबीने श्वास रोखला होता, मी पदराचं टोक चावत होते. पट्टी टोकाला पोचली. चौकट नाही, तक्रार नाही. मास्तरांनी खालच्या षड्जावर बोट ठेवलं आणि सावकाश चढायला सुरुवात केली. मध्य सप्तक, पंचम, धैवत. बोलला! निषाद बोलला, तार षड्ज बोलला, आणि मास्तर थांबेनात. शेवटच्या पट्टीपर्यंत गेले, तिथून खाली आले, पुन्हा वर गेले. मी टाळ्या वाजवत सुटले. बाबीने तबल्यावर एक लांबलचक तिहाई ठोकली. शेजारपाजारचे दारात जमले, कोणाला काय झालं ते कळत नव्हतं, पण अक्कांचा चेहरा पाहून तेही हसायला लागले.

अक्का मात्र लगेच फसणाऱ्यांतल्या नव्हत्या. त्या कम्प्युटरकडे पाठ करून बसल्या. ‘वाजव,’ म्हणाल्या. मास्तरांनी एका पदाची सुरावट वाजवली. अक्का मान खाली घालून ऐकत राहिल्या. शेवटी म्हणाल्या, ‘वरचा गंधार अजून नाकात बोलतो. आपलाच आहे.’

रविवारी कम्प्युटर शाल पांघरून टॅक्सीने गेला. मास्तर त्याला मांडीवर घेऊन बसले होते, आणि वळणं आली की ड्रायव्हरला ‘बाबा रे, हळू, आत ऑर्गन आहे’ असं सांगत होते. ड्रायव्हरने आरशातून दोनदा पाहिलं आणि वाद घातला नाही. हॉल गिरगावातलाच, छोटा, पण भरलेला. पुढच्या रांगेत पिकल्या केसांची माणसं, मागे त्यांना आणून सोडलेली आणि मोबाइलमध्ये तोंड घातलेली मुलं. मी विंगेत वायरी सांभाळत उभी होते. विंडोजवर माझा अजून विश्वास बसला नव्हता.

अक्का बसल्या. तंबोरा जुळला. मास्तरांनी काळी तीनचा सूर धरला. अलीकडे अक्का त्याच पट्टीत गायच्या, वयाला झेपेल अशा. पहिली ओळ आली आणि मागच्या रांगेतली मुलं वर बघायला लागली. आवाजाला वय होतं, पण तो कुठे हलत नव्हता. त्याच्याखाली आमचा ऑर्गन उभा होता, पायट्याच्या करकरीसकट. आणि मास्तर ते वाजवत होते जे मी कधी त्यांच्याकडून ऐकलं नव्हतं. नेहमीचं मोजूनमापून नाही, भरून. अक्का एक पाऊल टाकायच्या, ते दोन टाकायचे. पद संपलं आणि हॉलमधून तो जुना, हक्काचा ओरडा उठला, ‘वन्स मोअर!’

अक्कांनी तंबोरा थांबवायची खूण केली, पाण्याचा घोट घेतला. मागे वळल्या. माइक बंद नव्हता, म्हणून सगळ्यांनी ऐकलं.

‘आता माझी काळी पाच दे.’

काळी पाच म्हणजे त्यांच्या तरुणपणातली पट्टी. ती सोडूनही त्यांना तपं लोटली होती. त्या उंचीवर ऐंशी ओलांडलेली बाई चढायचं म्हणतेय म्हटल्यावर मी विंगेतच डोळे मिटले. बाबीने मात्र पिशवीतून लहान तोंडाचा दुसरा तबला काढला. तो आधीपासून काळी पाचला लावून आणलेला होता. म्हणजे ह्या दोघांचं आधीच ठरलं होतं, आणि ज्याला मुद्दाम सांगितलं नव्हतं तो एकच माणूस कीबोर्डपुढे बसला होता. मास्तरांनी क्षणभर अक्कांकडे पाहिलं, आणि काळी पाचवर बोट ठेवलं.

अक्का गायल्या. कसं गायल्या ते मला लिहिता येणार नाही. अंतरा चढला, तार षड्ज लागला, त्यावरचा ऋषभ लागला, आणि मग तो गंधार, नाकात बोलणारा. त्यावर श्वास किंचित डळमळला. मला ऐकू आलं, बाबीला आलं, मास्तरांना तर आलंच. त्यांनी त्याच क्षणी सगळ्या खुंट्यांचे आवाज एकदम उघडले आणि दोन्ही हात भरून असा स्वर खाली घातला की अक्का त्यावर उभ्या राहिल्या, सावरल्या, आणि तिथून पुढे, आणखी एका स्वराने वर गेल्या. हॉल उभा राहिला. मी विंगेत एका हातात वायर धरून ढसाढसा रडत होते आणि मला त्याची लाज वाटत नव्हती.

टाळ्या थांबेनात. कोणीतरी पुन्हा ओरडलं, ‘वन्स मोअर!’ आणि मग सगळेच ओरडायला लागले.

अक्कांनी हात जोडले. धाप लागली होती, चेहरा लालबुंद झाला होता, आणि त्या हसत होत्या.

‘नाही हो,’ त्या माइकवर म्हणाल्या, ‘आता माझ्याकडे काही उरलं नाही.’

मास्तर कीबोर्डवरून उठले. सदरा घामाने अंगाला चिकटला होता. ते पुढे आले, बहिणीच्या शेजारी उभे राहिले आणि सगळ्या हॉलला ऐकू जाईल असं म्हणाले, ‘माझ्याकडेही नाही.’